मी गर्नाल, माटोळी पाडणारा

मित्रांनो, मी एक कुत्रा आहे. जुना नाही, गंजलेला नाही आणि अडगळीत पडलेला तर मुळीच नाही! आपली जीवनकहाणी सांगायला बसतात ती मंडळी बहुधा थकलेली असतात, एका जागी बसून उसासे टाकत असतात. मला बसणेच माहीत नाही. म्हणून माझी गोष्ट तुम्हाला धावत धावत ऐकावी लागेल. दम लागला तर सांगा, मी एक फेरी मारून येईन.

थांबा, पोदेर आला! पॉं पॉं ऐकलात ना? सायकलवरून गरम पाव घेऊन येतो तो. त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवल्याशिवाय माझी सकाळ होत नाही.

हं, आलो. कुठे होतो आपण? अजून सुरुवातच नव्हती झाली, नाही का!

माझी जात बॉर्डर कॉली. काळा-पांढरा रंग, टोकाला दुमडलेले कान, आणि डोळे असे की समोरच्या बकरीला वाटावे, आता आपले काही खरे नाही. माझे पूर्वज दूरच्या थंड डोंगरांवर दिवसभर मेंढ्या राखायचे. पळणाऱ्या मेंढीला गोल फेरी घालून परत कळपात आणायचे, हा आमचा पिढीजात धंदा. काम मिळाले की आम्ही राजे. काम नसले की आम्ही स्वतः काम शोधतो, आणि ते काम घरच्यांना कधीच आवडत नाही.

माझा जन्म बेळगावजवळचा. तिथून मला मोप्याच्या विमानतळावर नोकरीला असलेल्या एका साहेबांनी आणले. त्यांनी फोनवर माझ्या जातीच्या कुत्र्याचा व्हिडिओ पाहिला होता. तो कुत्रा चेंडू टोपलीत टाकत होता, दार लावत होता, शेकहँड करत होता. साहेब भाळले! पण तो कुत्रा व्हिडिओ संपल्यावर किती धावत असेल, हे व्हिडिओत नव्हते. साहेब सकाळी कामावर जात, मी फ्लॅटमध्ये एकटा. मी सोफा उसवला. पडदे उतरवले. भिंतीचा कोपरा चाटून चाटून त्याचा रंग काढला. साहेब म्हणाले, हा कुत्रा वेडा आहे. मी वेडा नव्हतो हो, मी बेकार होतो!

मग साहेबांची बदली झाली. त्यांच्याच खात्यात गोकुळदास नावाचे, गोव्यातल्या नार्वे गावचे गृहस्थ होते. साहेबांनी त्यांना मला देऊन टाकले. "भारी जातीचा आहे, गोकुळदास, नेऊन टाका," म्हणाले. गोकुळदासांची लेक कुत्रा हवा म्हणून कधीपासून मागे लागली होती. भारी जातीचा कुत्रा, तोही आपसूक! घरात कोणाला न विचारता त्यांनी मला गाडीत घातले.

आणि मित्रांनो, नार्वे! काय सांगू तुम्हाला! गाडीचे दार उघडले आणि माझ्या नाकात एकदम नदी शिरली. चिखल, भात, शेण, मासळी, फणसाची पाने, कोंबड्या! मी घराला सात-आठ वेढे घातले, तुळशीभोवती फिरलो, शेवटी विहिरीवरची बाल्दी उलटी करून तिच्यावर उभा राहिलो. समोर एक वेणीवाली मुलगी दोन्ही हात तोंडावर धरून नुसती हसत होती. ती गौरवी. नववीत होती तेव्हा. मी तिच्यावर झेप घेतली आणि आम्ही दोघे अंगणात आडवे झालो. त्या घटकेपासून मी तिचा.

"बाबा, हो कुत्रो न्हय, गर्नाल आसा!" ती ओरडली. आमच्याकडे जत्रेत कानठळ्या बसवणारा बार उडवतात, तो गर्नाल. झाले, तेच माझे नाव पडले.

गौरवीची आई सुविधा, ती मात्र जनेलात, म्हणजे खिडकीत, उभी राहून सगळे पाहत होती. "आणि ह्याचा करतलो कोण?" तिने विचारले.

"मी! सगळा मी करतलंय. खाणा मी, न्हाणा मी, फिरवणा मी. तुमका कोणाक कायएक करूचा लागाचा नाय!" गौरवी म्हणाली.

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐकून ठेवा. तेव्हा मला ते फार गोड वाटले होते.

पहिले दिवस तर मजाच मजा! पहाटे गौरवी मला घेऊन नदीकाठच्या बांधावर यायची. ती धावे, मी धावे. ती थांबे, मी धावे. फेरीबोट धक्क्याला लागली की तिच्यातून उतरणाऱ्या लोकांना मी एका रांगेत लावायचो. लोक म्हणत, "अगे माज्ये माये, हो कोण नवीन हवालदार?" एकदा तर मी मोठाच पराक्रम केला. आमच्या वाड्यावरच्या सगळ्या कोंबड्या इकडे तिकडे विखुरलेल्या मला बघवल्या नाहीत. मी एकेकीला डोळा लावून, दबकत, गोल गोल फिरत सगळ्या आमच्याच अंगणात आणून उभ्या केल्या. एकीचे पीसही हलले नाही! शेजारची शेवंतीमावशी कुंपणापाशी येऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गो सुविधा, माज्या कोंबड्यांची आज तुज्या आंगणात मिटिंग आसा काय?"

गौरवीचे सगुणकाका तिथेच होते. गोकुळदासांचे थोरले भाऊ, शेती आणि म्हशी बघणारे. ते माझ्याकडे टक लावून पाहत राहिले, पण बोलले ते वेगळेच. "गोकुळ, हो कुत्रो न्हय रे, वारा आसा वारा. हो पोरीक झेपाचो नाय."

काकांच्या तोंडात साखर पडो, असे मी म्हणणार नाही. पण त्यांचे खरे होत गेले. गौरवी दिवसेंदिवस दमू लागली. सकाळी मला पळवून ती शाळेत जायची, दुपारी डिचोलीला शिकवणीला, संध्याकाळी परतल्यावर दप्तर टाकते न टाकते तोच मी चेंडू तोंडात धरून हजर! पावसात बांध निसरडे झाले. ती दोनदा पडली, गुडघा सोलवटला आणि घरी सांगितले की शाळेत पडले. जेवताना तिचे डोळे मिटत. मग कधी संध्याकाळची फेरी चुकली, कधी सकाळची. "उद्या हं गर्नाल," ती म्हणायची. मला उद्या म्हणजे काय ते कुठे ठाऊक! माझ्या पायांत आजचे धावणे तसेच साचून राही.

तिने ते कोणाला सांगितले नाही. कसे सांगणार? सगळे मी करीन, असे तिनेच तर म्हटले होते. आणि घरचेही तिच्या शब्दाला जागून बाजूलाच राहिले होते. पोरीचा कुत्रा, पोर बघेल.

मग आली चवथ!

गोव्याची चवथ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, मला तेव्हा नव्हते. घराला रंग, आतबाहेर माणसांची ये-जा, स्वयंपाकघरातून नेवऱ्या तळल्याचा वास! आणि माझ्याकडे बघायला कोणाला सवड नाही. आदल्या दिवसापासून मी एकदाही धावलो नव्हतो. माझ्या अंगात नुसत्या मुंग्या!

त्या सकाळी सगळे गणपती आणायला मूर्तिकाराच्या चित्रशाळेत गेले. सुविधा चुलीपाशी. मी सहज पुढच्या खोलीत डोकावलो, आणि मित्रांनो, माझे डोळे फिरले! छताला लाकडी चौकट टांगलेली, आणि तिला कोणीतरी माझ्यासाठी चेंडू बांधून ठेवलेले! हिरवे चेंडू, पिवळे चेंडू, लाल चेंडू! लहान चेंडूंचे घोस, मोठे एकटे चेंडू! मला काय माहीत की ती माटोळी? गणपतीच्या डोक्यावर छत्रासारखी धरतात, रान धुंडाळून सगुणकाकांनी तिच्यासाठी फळे आणली होती, सुपारीचे घड, नारळ, आंबाडे, आणि मधोमध एक भलेमोठे, पिवळेधमक, गोलगरगरीत तोरिंग. ते तोरिंग हळूच हलले. मी चौरंगावर उडी घेतली, चौरंगावरून कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, आणि कदेलीवरून सरळ आकाशात!

तोरिंग माझ्या तोंडात आले. त्याच्यामागून बाकी सगळी माटोळीही आली.

धडाम्‌!

सुविधा झारा हातात घेऊन धावत आली. खोलीभर नारळ गडगडत होते, आणि त्यांना एकत्र करायला मी गोल गोल धावत होतो. आयुष्यात इतके काम मला एकदम कधी मिळाले नव्हते! तेवढ्यात बाहेरून "गणपती बाप्पा मोरया!" ऐकू आले. गणपती दारात आणि माटोळी जमिनीवर! "शिरां पडली तुज्या तोंडार!" सुविधा मला ओरडली आणि मट्‌कन खाली बसली.

घाईघाईने त्यांनी माटोळी पुन्हा बांधली. गणपती बसला, आरती झाली, कोणी मला मारले नाही. पण घरातला आवाज उतरला होता. सगुणकाकांना तो अपशकुन वाटला. सण पार पडल्यावर ते म्हणाले, "दोडामार्गाक माज्या वळखीच्या माणसाची काजूची बाग आसा. राखणीक कुत्रो होयो म्हणता. साखळेक बांदून ठेयतलो, दोन वेळ भात घालतलो. तेका दिवया."

साखळी! मित्रांनो, तो शब्द मला कळतो. साहेबांच्या फ्लॅटमध्ये भिंती तरी दूर होत्या. माझ्यासारख्याला झाडाला बांधून ठेवायचे म्हणजे जिवंतपणी माती करायची. गौरवीने मला मिठी मारली आणि ती सोडेचना. तिचे रडणे माझ्या कानात ओले ओले शिरत होते. मी तिचा गाल चाटला, तो खारट लागला, आणि पहिल्यांदाच मला धावावेसे वाटले नाही.

कोणाचा काही निर्णय होईना. तेव्हा सुविधा म्हणाली, "आमी देवीक विचारया."

आमच्या घरात असेच आहे. विहीर कुठे खणायची, घर कधी बांधायचे, सोयरीक करायची का, सगळे ग्रामदेवीला प्रसाद लावून विचारायचे. भटजी देवीच्या पाषाणाला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. त्या पाकळीवर घरातला कोणी शब्द काढत नाही.

सकाळी आम्ही सगळे देवळात गेलो. ज्याच्याबद्दल विचारायचे तो समोर हवा, म्हणून मलाही नेले आणि अंगणातल्या दीपस्तंभाला बांधले. तिथून मला थेट गाभारा दिसत होता. काळा पाषाण, त्यावर डावीउजवीकडे लाल पाकळ्या. एवढ्याशा पाकळ्या, पण एकीत माझा बांध, माझी नदी, माझी गौरवी. आणि दुसरीत साखळी!

भटजींनी हात जोडले. "बाये देवी माये! हो तुजो भगत गोकुळदास आज आपल्या कुटुंबावांगडा तुज्या पायाकडे इलो आसा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"भॉ!" मीही म्हणालो. सगळे एका सुरात ओरडतात तेव्हा मी गप्प कसा बसणार?

"तेच्या घरात ह्या मुक्या जनावरामुळे पेच पडलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"भॉ! भॉ!"

"गप रे," सगुणकाका मागे वळून म्हणाले. पण मिशीत हसले, मी पाहिले.

"हेका घरात ठेवलो तर सगळा बरा जातला जाल्यार उजवो प्रसाद दी. नाय तर डावो दी. सोडवणूक कर माये!" भटजी गाऱ्हाणे संपवून बाजूला झाले.

सगळे पाकळ्यांकडे बघू लागले. पाण्याचा एक थेंब उजव्या पाकळीवरून घसरला. पाकळी जराशी कलली. सुविधाने डोळे मिटले. पडतच होती हो, उजवीच पडत होती!

"भटजी, थांबा! थांबा वाईच!" गौरवी ओरडली.

देवळात प्रसाद लावल्यावर असे कोणी ओरडत नाही. गोकुळदास दचकले. गौरवी मात्र मागे हटली नाही.

"देवीन उजवो दिलो तरी माका एकटीक जमाचा नाय. सकाळी ह्याका धावडवलंय की शाळेत झोप येता. शिकवणीक गेलंय की हो घरात कावता. सगळा मी करतलंय म्हणून सांगितलंय, पण माका जमणा नाय! तुमका सांगला तर तुमी ह्याका धाडशात म्हणून गप रवलंय. आता देवीच्या फुडे कशी गप रवू? मागीर ह्येचेच हाल होतले."

अगे वेड्ये, उजवी पडत होती! आणखी क्षणभर गप्प राहिली असतीस तर मी तुझा झालो असतो! पण तिला मी नुसता मिळायला नको होतो. मी सुखात हवा होतो. एवढ्याशा मुलीने केवढी हिंमत केली ती!

सुविधा पुढे झाली. "मगे आमी कोण गो? भाड्यान ऱ्हवणारी माणसा? एकदा तरी सांगूचा होता!" तिने लेकीला जवळ ओढले, आणि पदराने तिचे डोळे पुसता पुसता म्हणाली, "दुपारी तू नसतंस तेव्हा मी ह्याका नारळाचा सोडण टाकतंय. हो धावता, हाडता, परत देता. माकाय बरा वाटता. पण तू म्हटलंस कोणी कायएक करूक नको, म्हणून सांगूक नाय."

गोकुळदास डोके खाजवत होते. "सकाळची पाळी नसता त्या दिसा मी नेयन की. माजा पोट बघ खंय गेला ता."

आता सगळे सगुणकाकांकडे बघू लागले. काकांनी घसा खाकरला. "खरा सांगू? ह्येणा शेवंतीची कोंबडी एकठय केली ना, तेव्हाच माज्या मनात इल्ला. माजी म्हशी रोज बांद ओलांडून लोकांच्या शेतात शिरतत. माजी ढोपरा दुखतत, माका धावूक जमणा नाय. हो सकाळी माज्यावांगडा इलो तर..."

"मगे बोललास नाय कित्याक?" गोकुळदासांनी विचारले.

"माका विचारला कोणी? पोर म्हणता सगळा मी करतलंय! तिच्या कुत्र्याक मी कसो मागू? मागीर माटोळी पडली, तेव्हा रागान ता दोडामार्गाचा बोललंय."

भटजी इतका वेळ हात बांधून उभे होते. आता मात्र ते तापले. "घरात ओसरीर बसून एकमेकांक विचारूक तुमका काय जाल्ला? सकाळीच माका हाडलात, देवीक उबी केलात! आता प्रसाद ठेवू काय काढू?"

"काढा, भटजी," गोकुळदास हळूच म्हणाले. "आमचा ठरला."

भटजींनी दोन्ही पाकळ्या काढून ताम्हनात ठेवल्या. त्यांतली कुठली आधी पडली असती, हे आता कोणालाच जाणून घ्यायचे नव्हते. सगुणकाकांनी स्वतः येऊन दीपस्तंभाची दोरी सोडली, आणि मी देवळाभोवती प्रदक्षिणा घातल्या. किती घातल्या ते देवीलाच ठाऊक!

आता माझा दिवस ऐका. पहाटे काकांबरोबर शेतात! म्हशी म्हणजे मोठ्या, हट्टी मेंढ्याच. एखादी बांधाकडे वळली की मी तिच्यासमोर दबकून बसतो आणि नुसता बघतो. ती पाच मिनिटे मला बघते, मग फुस्स करून माघारी फिरते. काका बांधावर विडी ओढत बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माजो कुत्रो बगलास?" माजो! दुपारी सुविधा आणि नारळाची सुकी साल, तेच ते सोडण. संध्याकाळी गौरवी, दमलेली नाही, हसणारी गौरवी, आणि आम्ही दोघे नदीकाठाने फेरीच्या धक्क्यापर्यंत सुसाट! पुढे ती कॉलेजसाठी पणजीला जाईल, त्याचेही घरात बोलणे झाले आहे. तेव्हा मला वाईट वाटेल, पण मी बेकार असणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा चपळ कुत्रा आवडणे फार सोपे आहे. मी आहेच तसा! पण तो हवा असेल तर "सगळे मी करीन" असे म्हणू नका. तुम्हालाही शाळा आहे, ताप येतो, पाऊस पडतो, झोप येते. आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, तू काय करशील? आणि एक पूर्ण पावसाळा माझ्यासारख्याच्या मागे धावून बघा.

गेल्या महिन्यात तसेच झाले. गौरवीच्या वर्गातली सिद्धी आमच्याकडे आली. मला पाहून टाळ्या पिटू लागली. तिचे बाबा बेळगावला जाऊन माझ्यासारखेच पिल्लू आणायला तयार होते, गाडीसुद्धा ठरली होती. गौरवी म्हणाली, "हाडशीत मगे. आधी ह्या आठवड्यात रोज तू ह्याका धावडव." सिद्धीने पहिल्या दिवशी मला पळवले. दुसऱ्या दिवशी मी तिला पळवले. तिसऱ्या दिवशी भर पावसात, चिखलाने माखलेली, एक चप्पल हातात धरून ती आमच्या ओसरीवर बसली आणि बराच वेळ माझ्या कानांमागे खाजवत राहिली.

"गौरवी," ती शेवटी म्हणाली, "माका तो खूप आवडता. पण आमच्या घरात सगळी कामार जातत. तेका दिसभर बांदून ठेवचा लागतला."

आणि तिने पिल्लू आणले नाही. थोडी रडली, पण आणले नाही.

बेळगावकडे कुठेतरी ते पिल्लू आज आपल्या भावंडांत लोळत असेल. एका मुलीने आपल्याला साखळीपासून वाचवले, हे त्याला कधी कळायचे नाही. मला कळले. म्हणून त्या संध्याकाळी मी सिद्धीला तिच्या घरापर्यंत पोचवायला गेलो, आणि सगळ्या वाटेत एकदाही तिच्या पुढे धावलो नाही.